लोहगाव, लोकल आणि हायवे: पुण्यात शिरायच्या वाटा

लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा. नागरी टर्मिनल त्या तळाच्या एका कडेला बसवलंय, त्यामुळे बाहेर पडायची वाट एकाच बाजूला आणि गाड्यांना थांबायला जागा बेताची. जुलै २०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं, आतली दाटी पुष्कळ कमी झाली, पण बाहेरचे रस्ते तेच राहिले. पुण्यात उतरणाऱ्याचा वेळ खातात ते हे पहिले चार-पाच किलोमीटर. एकदा रामवाडीची मेट्रो गाठली की पुढचं शहर वीस-पंचवीस मिनिटांत पायाखाली येतं. म्हणून विमानतळावरून थेट घरापर्यंत कॅब करण्याआधी, फक्त रामवाडीपर्यंत कसं जायचं याचा विचार करावा.

बॅग हातात आली की आधी ठरवा: अ‍ॅपची कॅब, रिक्षा की बस. अ‍ॅपवरच्या कॅब टर्मिनलच्या दारात येत नाहीत, त्या एरोमॉल या बहुमजली पार्किंगमधून मिळतात. तिथवर चालत किंवा आवारातल्या बॅटरीच्या गाडीनं जायचं. बॅगेच्या पट्ट्याशी उभं राहून कॅब बुक करणारे बरेच असतात. गाडी एरोमॉलमध्ये येऊन थांबते, माणूस अजून बॅगेची वाट बघत असतो, आणि शेवटी फेरी रद्द होऊन दंड भरावा लागतो. एरोमॉलमध्ये पोचल्यावर बुक करा, मजला नीट वाचा, आणि ड्रायव्हरला फोनवर मजला व खांबाचा क्रमांक सांगा.

रिक्षा बाहेरच्या रस्त्यावर मिळते. सप्टेंबर २०२२ पासूनच्या दरानं पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये होतात. म्हणजे रामवाडीचे पाच किलोमीटर धरले तरी मीटरनं ८५ रुपयांच्या आसपास, आणि स्वारगेटचे चौदा किलोमीटर धरले तर २३५-२४०. मध्यरात्रीनंतर जादा आकार लागतो, तो वेगळा. बाहेर सांगितला जाणारा आकडा याहून मोठा असतो; हा हिशेब डोक्यात असला की बोलायला बळ येतं. रिक्षावाल्याला ‘नगर रोड’ म्हणू नका, ‘रामवाडी मेट्रो, विमाननगरमधून’ असं म्हणा. नुसतं नगर रोड म्हटलं तर एअरपोर्ट रोडनं गुंजन चौकाकडे गाडी निघू शकते. तसं झालंच तर चिडू नका, येरवडा मेट्रो स्टेशन त्याच बाजूला आहे, तिथून बसा. हे स्टेशन ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालं, त्यामुळे जुन्या नकाशांत ते दिसत नाही.

पीएमपीची बस सर्वांत स्वस्त. जून २०२५ च्या दरवाढीनंतर पहिल्या पाच किलोमीटरला १० रुपये, दहापर्यंत २०, पंधरापर्यंत ३०. दिवसभर शहरात फिरायचं असेल तर ७० रुपयांचा दैनिक पास काढा, तो पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्हीकडे चालतो. बस कुठं आहे ते ‘आपली पीएमपीएमएल’ अ‍ॅपवर बघूनच थांब्यावर उभं राहा. पुढची बस वीस मिनिटांच्या आत दिसत नसेल आणि सोबत दोघं-तिघं असतील, तर रिक्षा वाटून घेणं शहाणपणाचं.

मेट्रोच्या दोन मार्गिका चालतात. वनाज ते रामवाडी ही पूर्व-पश्चिम, पिंपरी-चिंचवड मनपा ते स्वारगेट ही उत्तर-दक्षिण. दोन्ही जिल्हा न्यायालय स्टेशनात एकमेकींना छेदतात. सगळे याला सिव्हिल कोर्टच म्हणतात. तिकीट किमान १० रुपये, लांबात लांब ३५. शनिवार-रविवारी ३० टक्के सवलत. काउंटरची रांग टाळायला मोबाइलवर तिकीट काढा. बॅगा एक्स-रे यंत्रातून जातात, तेव्हा मोठी सुटकेस असेल तर पाच मिनिटं जास्त धरा.

सिव्हिल कोर्टला गाडी बदलताना बाहेरच्या गेटनं पडू नका, तिकीट तेच चालतं. मात्र रामवाडी-वनाज गाडी उन्नत पुलावर आणि स्वारगेटची गाडी जमिनीखाली जवळपास ३३ मीटर खोल. सरकते जिने एकामागोमाग एक येतात. हात मोकळे असतील तर पाच मिनिटं, बॅगा असतील तर लिफ्ट शोधण्यासकट दहा. ज्येष्ठ नागरिक सोबत असतील तर सुरुवातीलाच लिफ्टची पाटी धरून चाला, अर्ध्या वाटेतून लिफ्ट शोधायला मागं फिरणं जास्त त्रासाचं होतं.

कुठं उतरायचं यावरच निम्मी दमछाक अवलंबून असते. कोथरूडला जाणाऱ्यानं नळ स्टॉप, आयडियल कॉलनी, आनंदनगर, वनाज यांतलं घराजवळचं निवडावं. तुळशीबाग, मंडई, लक्ष्मी रोड यांसाठी मंडई स्टेशन. शनिवारवाडा आणि कसबा गणपतीसाठी कसबा पेठ. जुन्या फलकांवर याच स्टेशनचं नाव बुधवार पेठ असं आहे. डेक्कनला जायचं तर डेक्कन जिमखाना स्टेशन बरोबर, पण ते जंगली महाराज रस्त्यावर नाही, मुठेच्या काठानं आहे. बाहेर आल्यावर चढ चढून वर यायचं. भोसरीला जाणाऱ्यांची दिशाभूल होते ती वेगळीच. भोसरी नावानं सुरू झालेलं स्टेशन खरं तर नाशिक फाट्यावर आहे, आणि भोसरी गाव तिथून बस किंवा शेअर रिक्षानं गाठावं लागतं.

पुणे स्टेशनची रेल्वे पकडायची असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. मेट्रो स्टेशन राजा बहादूर मिलच्या बाजूला, म्हणजे प्लॅटफॉर्म सहाकडे आहे. मुख्य दार, पीएमपीचा स्टँड आणि एसटी हे सगळं रुळांच्या पलीकडे, प्लॅटफॉर्म एकच्या बाजूला. पादचारी पूल ओलांडायला बॅगांसह दहा मिनिटं ठेवा.

उलट्या दिशेनं, म्हणजे विमान पकडायला जाताना, घड्याळ कडक ठेवावं लागतं. मेट्रो सकाळी सहाला सुरू होते. वनाजहून पहिली गाडी धरली तरी रामवाडीला साडेसहा उलटतात, पुढं टर्मिनलपर्यंत आणखी वीस-पंचवीस मिनिटं. चेक-इन काउंटर बहुतेक कंपन्या उड्डाणाच्या तासभर आधी बंद करतात. तेव्हा साडेआठच्या आधीच्या विमानासाठी मेट्रोचा भरवसा नको, आदल्या रात्रीच गाडी ठरवा. रात्री मेट्रो अकरापर्यंत आहे. दहाच्या आत विमानाची चाकं टेकली आणि बॅग वेळेत आली तरच ती जमते, आणि सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची असेल तर त्याहून लवकर. संध्याकाळी सहा ते नऊमध्ये विमाननगरचे सिग्नल आणि नगर रोड भरलेले असतात. या वेळेत रामवाडी ते टर्मिनल या तुकड्याला पाऊण तास धरला तरच जीव शांत राहतो.

आता उपनगरांकडून. पुणे-लोणावळा लोकल मार्च १९७८ पासून धावते आणि तळेगाव, देहूरोड, आकुर्डी, चिंचवडकडच्या माणसाला आजही तिच्याइतकं स्वस्त काही नाही. किमान तिकीट ५ रुपये, लोणावळ्यापर्यंत १५. तिचं दुखणं दुपारचं. सकाळची गर्दी ओसरली की गाड्यांमध्ये मोठा खंड पडतो, कारण याच रुळांवरून मुंबईच्या एक्स्प्रेस आणि मालगाड्या जातात. दुपारी निघणार असाल तर आधी वेळापत्रक बघा, गाडी नसेल तर बसनं पिंपरीच्या मेट्रोपर्यंत या. परतताना दुसरी काळजी: काही लोकल पुणे स्टेशनऐवजी शिवाजीनगरहून सुटतात.

पेठांत, स्वारगेटला किंवा सातारा रोडकडे जायचं असेल तर लोकलनं पुणे स्टेशनपर्यंत जाऊच नका, शिवाजीनगरला उतरा. पुणे जंक्शनला प्लॅटफॉर्म सहाच, त्यामुळे गाड्या बाहेरच्या सिग्नलला उभ्या राहतात. शिवाजीनगरला रेल्वेच्या शेजारीच भुयारी मेट्रो आहे आणि तिथून स्वारगेट पाचवं स्टेशनसुद्धा नाही: सिव्हिल कोर्ट, कसबा, मंडई, स्वारगेट. यातला सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी तुकडा सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस सुरू झाला आणि शहराच्या मध्यात शिरण्याची रीतच बदलून गेली. लक्ष्मी रोडच्या गर्दीतून रिक्षा काढण्याची गरज आता राहिलेली नाही.

शिवाजीनगरचं एसटी स्टँड मात्र तिथं नाही. मेट्रोच्या कामासाठी ते २०१९ च्या शेवटी वाकडेवाडीला हललं. तिकिटावर ‘शिवाजीनगर’ छापलं असलं तरी नाशिक, छत्रपती संभाजीनगरकडच्या गाड्या वाकडेवाडीलाच थांबतात. रेल्वे स्टेशनपासून ते चालत जाण्याजोगं नाही, सामान असेल तर नक्कीच नाही. रेल्वेच्या तिकिटावर ‘हडपसर’ असेल तर तेही दोनदा वाचा. काही गाड्या आता पुणे स्टेशनला न येता तिथूनच सुटतात. ते स्टेशन मुंढव्याच्या बाजूला आहे, हडपसर गाडीतळापासून बरंच लांब आणि येणारा रस्ता अरुंद. गाडी सुटायच्या आधी तासभर तरी त्या भागात असा.

मुंबईकडून शिवनेरीनं किंवा खासगी बसनं येताना चढण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: गाडी औंधमार्गे, निगडीमार्गे की बायपासनं? औंधमार्गे असेल तर वाकड, औंध, विद्यापीठ चौक करत ती शहरात येते. निगडीमार्गे असेल तर पिंपरीला उतरून मेट्रो धरा, पुढचा जुना मुंबई रस्ता संध्याकाळी फार वेळ घेतो. बायपासची गाडी कोथरूडकरांच्या सोयीची. चांदणी चौकात उतरून वनाज मेट्रो तीनेक किलोमीटर, रिक्षाचे पन्नासएक रुपये. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवी रचना सुरू झाली, तेव्हापासून तिथं इतके रॅम्प झालेत की चुकीच्या बाजूला उतरलं तर समोर दिसणाऱ्या रस्त्यावर पोचायला मोठा वळसा पडतो. ड्रायव्हरला ‘कोथरूडच्या बाजूला, सर्व्हिस रोडला’ असं आधीच सांगून ठेवा.

साताऱ्या-कोल्हापूरकडून येणाऱ्या खासगी गाड्या नवले पुलापाशी माणसं सोडतात. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून तिथवर सलग उतार आहे, जड ट्रकांचे ब्रेक तापून निकामी होतात, आणि त्या जागी जीवघेणे अपघात वारंवार झालेत. हायवेच्या कडेला उतरून पलीकडे पळत जाण्याचा विचार कुणीही करू नये. गाडी सर्व्हिस रोडला घेतली तरच उतरा, नाहीतर पुढं वारज्याला उतरा. शक्य असेल तर एसटीच धरा. ती कात्रजवरून थेट स्वारगेटला जाते आणि स्टँडला लागूनच मेट्रो आहे. रात्री अकरानंतर पोचत असाल तर खासगी बसपेक्षा स्वारगेटची एसटी आणखी बरी, कारण तिथं उजेड असतो, माणसं असतात आणि रिक्षा मिळते.