मुलीच्या डोळ्याचा कर्करोग आणि न हलणारी फाईल : माझा अनुभव

माझ्या मुलीचा डावा डोळा काढावा लागला, त्यानंतर तिला सहा केमो द्याव्या लागल्या आणि आज ती वाळपईच्या बालवाडीत जाते. या सगळ्यात सर्वांत जास्त कशाने थकलात असे कोणी विचारले, तर मी पणजीतील एका कार्यालयातले दुसरे टेबल सांगतो, जिथे उपचारखर्चाच्या मदतीसाठीची आमची फाईल अडली होती. कार्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांपैकी एकाचे माझ्यावर उपकारही आहेत.

तीन वर्षांपूर्वीच्या चवथीला गणपतीवरच्या माटोळीखाली बसलेल्या मुलीचा फ्लॅश टाकून फोटो काढला, तेव्हा तिच्या उजव्या डोळ्याची बाहुली नेहमीसारखी लालसर आली होती आणि डावीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरट चमक होती. डोळा थोडा तिरळा दिसतो म्हणून दोन महिन्यांपूर्वीच आम्ही तिला एका डॉक्टरांकडे नेले होते; त्यांनी टॉर्चही न लावता ‘मोठी झाली की जाईल’ असे सांगितले होते. बाहुलीतील पांढरी चमक आणि तिरळेपणा ही रेटिनोब्लास्टोमाची, म्हणजे लहान मुलांच्या दृष्टिपटलाच्या कर्करोगाची, नेहमीची पहिली लक्षणे आहेत हे मला नंतर समजले. २०२० साली १५३ देशांतील ४,३५१ मुलांच्या नोंदींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार श्रीमंत देशांत निदानाच्या वेळी मुलांचे मध्यक वय सुमारे १४ महिने होते आणि गरीब देशांत साडेतीस महिने. श्रीमंत देशांत दीड टक्का मुलांचा आजार तोवर डोळ्याबाहेर गेलेला होता, गरीब देशांत जवळजवळ निम्म्यांचा. आमची मुलगी तेव्हा २२ महिन्यांची होती.

परळच्या टाटा रुग्णालयात भूल देऊन तपासणी आणि एमआरआय झाले. या गाठीचा तुकडा सुईने काढून तपासत नाहीत, कारण त्यामुळे आजार डोळ्याबाहेर पसरू शकतो, हे डॉक्टरांनी आम्हांला कागदावर डोळ्याचे चित्र काढून समजावले. डोळ्यात दृष्टी उरली नव्हती. माझे वडील दोन दिवस अडून बसले होते, ‘मुलीच्या जातीचा डोळा काढून तिला उभे आयुष्य कसे काढायला लावणार’ हे त्यांचे एकच म्हणणे होते, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात गेलेल्या त्या दोन दिवसांचा मला अजून राग येतो. शस्त्रक्रिया पत्नीच्या बांगड्या गहाण ठेवून केली. काढलेल्या डोळ्याच्या तपासणीत आजार डोळ्यामागच्या नसेकडे सरकल्याचे दिसले, म्हणून दर २१ दिवसांनी एक अशा सहा केमो ठरल्या. व्हिन्क्रिस्टिन, इटोपोसाइड आणि कार्बोप्लॅटिन ही तिन्ही औषधे जुनी असून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. औषधांसाठी आमचे काहीच अडले नाही.

अडले ते मदतीच्या अर्जापाशी. पत्नी मुलीला घेऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिली आणि मी अर्ज घेऊन गोव्यात परतलो. पहिल्याच दिवशी कळले की मंजुरीपूर्वी झालेला खर्च मिळत नाही. म्हणजे शस्त्रक्रियेचे पैसे गेले. कर्करोग मंजुरीची वाट पाहत थांबतो असे हा नियम करणाऱ्यास वाटले असावे.

पहिल्या खेपेस दुसऱ्या टेबलावरच्या कारकुनांनी रुग्णालयाचे अंदाजपत्रक उजेडाकडे धरून पाहिले आणि ही झेरॉक्स आहे, मूळ प्रत हवी, म्हणून फाईल परत केली. मूळ प्रत परळला राहिली होती. तिथे अंदाजपत्रकाच्या सहीशिक्क्याच्या दोन मूळ प्रती मागून घ्याव्यात, एवढे मला कोणी आधी सांगितले असते तर कोकणकन्येच्या दोन रात्री वाचल्या असत्या. (रेल्वेत कर्करुग्णाला शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे; त्यासाठी रुग्णालयाच्या शिक्क्याचा अर्ज लागतो. मला हे तिसऱ्या केमोच्या वेळी समजले.)

दुसऱ्या खेपेस मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचे माहेरचे आडनाव आणि आधारवर सासरचे, हे निघाले. ‘ही मुलीची आईच कशावरून?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा ती आई परळच्या वॉर्डात मुलीचा सलाईन लावलेला हात धरून बसली होती. मी एवढेच म्हणालो, ‘भाऊ, कोणता कागद आणू ते एकदाच सांगा.’ नोटरीकडे प्रतिज्ञापत्र केले, की ही दोन्ही नावे एकाच स्त्रीची आहेत.

तिसरी खेप शिक्क्याने खाल्ली. उत्पन्नाचा दाखला देणाऱ्या कार्यालयात शिक्क्याची गादी सुकलेली होती आणि माझ्या डोळ्यांदेखत तिथल्या माणसाने पिण्याच्या बाटलीतले दोन थेंब तिच्यावर शिंपडून शिक्का मारला होता. तो उमटला, पण फिका. दुसऱ्या टेबलाला तो वाचता येईना. मी पुन्हा वाळपईहून कदंबची पहिली बस धरली, त्या कार्यालयाच्या दारात नवी गादी विकत घेऊन उभा राहिलो, आणि ती त्यांच्यापुढे ठेवताना मला जे समाधान झाले ते लपवण्याचे कारण नाही.

यात ४१ दिवस गेले, दोन केमो झाल्या आणि त्यांचे पैसेही आम्हीच भरले. पहिल्या केमोच्या वेळी टाटातील समाजसेवा विभागाने एका न्यासाकडून काही रक्कम मिळवून दिली. त्या विभागात आम्ही पहिल्याच दिवशी जायला हवे होते. अखेरीस फाईल हलली ती पणजीच्या त्या कार्यालयातील शिपायामुळे. मला रोज पाहून तो म्हणाला, ‘सगळ्यांत वर डॉक्टरांचे पत्र लावा, त्यात पुढच्या केमोची तारीख ठळक लिहून घ्या. तारीख दिसली की साहेब फाईल खाली ठेवीत नाहीत.’ पत्र लावल्यावर चौथ्या दिवशी मंजुरी आली. फाईल कितीही अडली तरी उपचार मात्र तिच्यासाठी थांबवू नयेत. पैशांची सोय उसनवारीने होते आणि दागिने पुढे सोडवता येतात. आमचे अजून सुटायचे आहेत.

कृत्रिम डोळा शस्त्रक्रियेनंतर सुमारे दीड महिन्याने मापे घेऊन बसवला. मूल वाढते तसा तो बदलावा लागतो, हा खर्च धरून ठेवावा. पहिल्यांदा तो तिने स्वतःच बोटाने काढून आजीच्या हातावर ठेवला, तेव्हा आजी किंचाळली आणि मुलगी हसत सुटली.

एकाच डोळ्याला आजार असलेल्या मुलांपैकीही सुमारे १५ टक्के मुलांत या आजाराशी निगडित आरबी-१ जनुकातला दोष जन्मतः असतो, म्हणून त्या जनुकाची रक्ततपासणी आणि भावंडांचे डोळे तपासणे आवश्यक असते. गेल्या वर्षी मुलगा झाला. त्याचे डोळे पहिल्याच महिन्यात तपासून घेतले. ते स्वच्छ आहेत. त्याआधी, नवव्या दिवशी, मी पत्नीचे आधार कार्ड हातात धरून जन्मनोंदणीच्या खिडकीपाशी उभा होतो आणि आईच्या रकान्यातले एकेक अक्षर कारकुनाकडून मोठ्याने वाचून घेत होतो. बाहेर आल्यावर दाखला उन्हात धरून शिक्काही पाहिला.