बाराच म्हणायचं

"अरे, हे तर आठही धड दिसत नाहीत. मग बारा कशाला म्हणतात?"

ऑस्ट्रेलियातल्या 'ट्वेल्व्ह अपॉसल्स', म्हणजे 'बारा प्रेषित' नावाच्या समुद्रातल्या सुळक्यांसमोर, कठड्याशी उभी राहून आत्या बोटानं ते मोजत होती. वारा इतका, की पदर आवरेना. दोन गाड्या भरून आलेले आम्ही अकराजण फोटोंत गुंतलेलो.

बारा कधीच नव्हते, नऊ होते, असं मी तिला सांगितलं. चुनखडीचे खडक, लाटा त्यांचा तळ पोखरत राहतात. २००५ मध्ये पन्नासेक मीटर उंचीचा एक सुळका बघता बघता कोसळला. आता आठ.

आत्या जरा वेळ गप्प. मग बाबांकडे वळून म्हणाली, "राहू दे बाराच. आपण तरी कुठं बदललं? अजून पाच भावंडंच म्हणतो ना?"

पाचातले दोन काका गेले. बाबा काही बोलले नाहीत. तिची शाल तेवढी नीट केली.

सकाळी इकडे येताना ईस्टर्न व्ह्यूच्या स्मारक-कमानीपाशी थांबलो होतो. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे ३,००० सैनिकांनी १९१९ ते १९३२ मध्ये कुदळ-फावड्यानं किनाऱ्यालगतचा हा रस्ता, ग्रेट ओशन रोड, खणला, परत न आलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून. तेव्हा मी ते भरभर वाचून गाडीत बसलो होतो.

आता जवळच्या पोर्ट कॅम्पबेल गावात रात्रीचे बारा वाजलेत. लाटांचा आवाज येतोय आणि मला झोप नाही.

तुमच्या घरी कुणी विचारलं, तर भावंडं किती सांगतात?