‘म्हणून’भोवतीचे लाल वर्तुळ

स्मरणिका समितीचे पत्र आले : ‘तत्त्वज्ञान विभागाविषयीच्या आठवणी लिहा.’ लिहायला बसलो आणि तासाभराने पाहतो तर सगळी पाने सरांवरच. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये. शिकवले त्यांनीही, पण पत्रे लिहिली ती सरांनी.

कोपऱ्यातल्या खोलीतला सरांचा तास घंटा झाली तरी संपत नसे, हे आपल्या माणसांना सांगायला नको. तो पुढे पोस्टाने चालू राहतो, हे मात्र बाहेर पडल्यावर कळले. माझ्याकडे त्यांची सदतीस पत्रे आहेत.

पहिली नोकरी सोडताना मी त्यांना लिहिले होते, ‘इथे कोणाला माझी किंमत नाही, म्हणून राजीनामा देतो आहे.’ आठ दिवसांनी माझेच पत्र परत आले. ‘म्हणून’भोवती लाल शाईचे वर्तुळ आणि समासात एक ओळ : ‘हे कुठून आले? सांधा दाखवा.’ मला हवा होता धीर. यांनी पेपर तपासला! राजीनामा दिलाच, वर वर्षभर सरांना एक ओळही लिहिली नाही.

अबोला मोडला त्यांनीच, तोही पोटाच्या तक्रारीने. दीड पान पचनावर, तुमच्या ओळखीत कोणी चांगला डॉक्टर आहे का ही चौकशी, आणि ताजा कलम : ‘हसू नका. कांटनेही हेर्ट्झला असेच लिहिले होते.’ मार्कुस हेर्ट्झ हा जर्मन तत्त्वज्ञ कांटचा विद्यार्थी, पुढे बर्लिनमध्ये डॉक्टर झालेला. आपल्या मनातल्या कल्पनेचा बाहेरच्या वस्तूशी संबंध जुळतो तो कशाच्या आधारावर, हा प्रश्न कांटने २१ फेब्रुवारी १७७२ला त्यालाच लिहिलेल्या पत्रात मांडला. नव्या ग्रंथाचा पहिला भाग तीनेक महिन्यांत काढीन, असेही कळवले. तो ग्रंथ, ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’, निघाला १७८१मध्ये. माझा प्रबंध रखडला तेव्हा मी हाच दाखला दिला. उलटटपाली पोस्टकार्ड : ‘कांटला नऊ वर्षे लागली हे खरे. पुढचे अनुमान तुमचे तुम्हीच तपासा.’

वर्तुळाचा राग गेला तो बऱ्याच वर्षांनी. तत्त्वज्ञ विटगेनस्टाइन आणि त्याचा विद्यार्थी नॉर्मन माल्कम यांची गोष्ट सर वर्गात सांगत. १९३९मध्ये फिरताना माल्कम ब्रिटिशांच्या ‘राष्ट्रीय स्वभावा’विषयी काहीतरी सहज बोलून गेला आणि गुरू भडकला, तासाआधी दोघांचे फिरणेही काही काळ बंद पडले. पाच वर्षांनी, माल्कम नौदलात असताना, विटगेनस्टाइनने पत्रात तोच विषय काढला. रोजच्या जगण्यातल्या महत्त्वाच्या प्रश्नांवर नीट विचार करता येत नसेल तर तत्त्वज्ञान शिकून उपयोग काय, असा त्याचा सूर. तेव्हा आम्ही ते परीक्षेपुरते टिपून घेतले. तसेच पत्र मलाही आले होते, हे डोक्यात शिरायला माझी चाळिशी उलटावी लागली.

आज मी विम्याच्या दाव्यांचे काम पाहतो. हाताखाली बावीस माणसे आहेत. ‘कागदपत्रे उशिरा आली, म्हणून दावा संशयास्पद’ असा शेरा समोर आला की मी त्या ‘म्हणून’ला गोल करतो. नवी मुले मला मागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. बढतीपेक्षा त्याचाच अभिमान जास्त.

विभाग आता दुसऱ्या विभागात विलीन झाला आणि कोपऱ्यातल्या खोलीत संगणक बसले, असे ऐकतो. बसोत. फोनवरच्या निरोपाला समास नसतो, ही माझी तक्रार मात्र जुन्या माणसाची कुरकुर समजून सोडून देऊ नका.

प्रदर्शनासाठी समितीने सरांची पत्रे मागितली आहेत. सोबत पाठवतो आहे, लाल वर्तुळाचेही. छायाप्रती काढून मूळ पत्रे परत करावीत. पोटाच्या तक्रारीचे तेवढे भिंतीवर लावू नये.