सिबवैहच्या लेखी चुकलेले वाक्य

अरबी व्याकरणाचा सर्वांत जुना उपलब्ध मोठा ग्रंथ आठव्या शतकातला. तो लिहिणारा सिबवैह जन्माने इराणी आणि शिक्षणाने बसऱ्याचा. ‘अल-किताब’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या ग्रंथाच्या आरंभीच एक छोटे प्रकरण आहे, ज्यात वाक्यांची पाच प्रकारांत वर्गवारी केली आहे, आणि मला ते पुढच्या शेकडो पानांइतकेच मोलाचे वाटते.

‘मी काल तुझ्याकडे आलो’ हे वाक्य सरळ आणि सुंदर. ‘मी उद्या तुझ्याकडे आलो’ हे मात्र ‘मुहाल’, म्हणजे अशक्य, कारण वाक्याचा शेवट त्याच्याच सुरुवातीला खोडून काढतो. ‘मी डोंगर उचलला’ हे सरळ, पण खोटे. खोटेपणा हा व्याकरणाचा दोष नव्हे, हे सिबवैहने किती सहज सांगून टाकले आहे! ‘मी काल समुद्राचे पाणी पिईन’ यात अशक्यता आणि खोटेपणा दोन्ही एकत्र नांदतात.

खरी गंमत उरलेल्या प्रकारात आहे: सरळ, पण ‘कबीह’, म्हणजे कुरूप. त्याचे उदाहरण ‘कद झैदन रऐतु’. ‘झैदन रऐतु’, म्हणजे ‘झैदला मी पाहिले’, असे कर्म आधी ठेवून म्हणायला अरबीत मुळीच हरकत नाही; परंतु ‘कद’ या अव्ययाला क्रियापद अगदी लगत लागते आणि मध्ये झैद येऊन बसला की शब्दाची जागा चुकते. अर्थ शाबूत राहतो, म्हणून वाक्य सरळ. रचना बिघडते, म्हणून कुरूप. आज आपण ज्याला व्याकरणदृष्ट्या अशुद्ध म्हणू, ते नेमके हेच, आणि त्यासाठी त्याने वापरलेले विशेषण वर्तनालाही लागू पडणारे आहे.

अरब खरोखर जे बोलतात, त्याच्याशी मात्र तो जपून वागतो. क्रियापद आधी आले की कर्ता अनेकवचनी असला तरी ते एकवचनी ठेवावे, हा प्रमाण अरबीचा नियम. तरीही काही जण ‘अकलूनी अल-बरागीस’, म्हणजे ‘मला पिसवांनी खाल्ले’, असे क्रियापदही अनेकवचनात ठेवून म्हणत. सिबवैह हा प्रयोग विरळ म्हणून नोंदवतो आणि त्यातील अनेकवचनाचे चिन्ह कसे आले असावे याची उपपत्तीही देतो. पुढच्या व्याकरणकारांनी या प्रयोगाला पिसवांचेच नाव देऊन टाकले.