कांदा समेवर आला की…

तेलात कांदा पडला की माझी मान आपोआप तिरकी होते. ही शेफची देणगी. ते गेले, त्यांचं किचन दुसऱ्याच्या हाती गेलं, मान काही सरळ व्हायला तयार नाही.

त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा माझा सगळा भरवसा डोळ्यांवर. शेफ पाठमोरे उभे राहून भाजी चिरत असायचे आणि तिथूनच म्हणायचे, "आच कमी कर रे, कांदा द्रुतमध्ये गेलाय." न बघता! मला वाटायचं, समोरच्या स्टीलमध्ये त्यांना दिसत असणार. मग कळलं, माणूस ऐकतोय. कांद्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच. गरम तेलात त्याची वाफ होते, तिचा तो चर्र आवाज. पाणी आहे तोवर कांदा १०० अंशांच्या फार पुढे जात नाही, आणि तांबूस व्हायला तर १४० च्या आसपास लागतात. म्हणजे आवाज विरळ झाला की रंग येऊ घातलाय. शेफ एवढं कधी बोलले नाहीत. त्यांचं आपलं एकच, "गप्प व्हायला लागला की समेवर आला."

पॅन खूप तापला की पाण्याचा थेंब चर्र न करता पाऱ्यासारखा पळतो, स्वतःच्याच वाफेच्या गादीवर. त्या शांततेला ते ‘खाली’ म्हणायचे, तालात टाळी न देता नुसता हात हलवतात त्या मात्रेवरून.

मीठ मात्र ऐकू येत नाही. ते त्यांच्या हातून बऱ्याचदा जास्त पडायचं. सांगायची हिंमत कुणाची नव्हती.

एवढा गाणंवेडा माणूस, पण किचनमध्ये रेडिओला बंदी. स्वतः एक्झॉस्ट फॅनच्या घरघरीचा सा धरून गुणगुणायचे. एकदा फॅन बदलला, तर आठवडाभर तोंड पाडून होते. "सा उतरलाय," म्हणे. त्या आठवड्यात सूपही बेताचंच झालं, पण ते बहुधा माझ्यामुळे.

रोसिनी या इटालियन ऑपेरा-संगीतकाराचा त्यांना हेवा वाटे. १८२९ नंतर, सदतिशी गाठल्यावर, त्यानं एकही नवा ऑपेरा लिहिला नाही. १८६८ पर्यंत जगला, उत्तम खाल्लं, आणि म्हातारपणी पियानोच्या तुकड्यांना मुळा, लोणी अशी नावं दिली. "तो गाण्याकडून जेवणाकडे आला," शेफ म्हणायचे, "मला उलटं जायचं होतं." हे म्हणतानाही एक कान शेगडीकडे.

परवा तिथे जेवायला गेलो. किचनचं दार अर्धवट उघडं होतं. आत स्पीकरवर मोठ्यानं गाणी लागलेली, पोरं डोळे फाडून पॅनमध्ये बघतायत. मी मान तिरकी करून पाहिली. कांद्याचं काय चाललंय ते कळेना. मागे फॅन तेवढा त्याचा उतरलेला सा लावून बसला होता.