अर्धा काळा, अर्धा पांढरा केस

परवा माझी भाची आरशासमोर बसून एकेक पांढरा केस उपटत होती, वय वर्षं 19, आणि डोळ्यात पाणी. मी तिच्या हातातला एक केस घेऊन पांढऱ्या कागदावर ठेवला, तर त्याचा पांढरा भाग दिसेचना, मग काळ्या वहीच्या कव्हरवर ठेवला तेव्हा तो नीट दिसला. टोकाकडे काळाभोर आणि मुळाकडचा चारेक सेंटीमीटर भाग पांढरा.

मला तर फार भारी वाटलं ते बघून! कारण केस म्हणजे मुळाशी तयार होऊन बाहेर आलेला मेलेला धागा, एकदा बाहेर आला की आतून त्याचा रंग बदलूच शकत नाही. म्हणजे काळा केस पांढरा "होत" नाही, त्याच मुळातून पुढचा भाग बिनरंगाचा यायला लागतो. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे हिच्या या केसाचा रंग चारेक महिन्यांपूर्वी संपला, हे सरळ पट्टी लावून मोजता येतं. एका रात्रीत डोकं पांढरं झालं या गोष्टी म्हणूनच पटत नाहीत. अचानक चाई पडली आणि त्यात काळे केस गळून आधीचे पांढरे तेवढे उरले, तर तसं दिसू शकतं.

रंग येतो मेलॅनिनमुळे. ते बनवणाऱ्या पेशी केसाच्या मुळाशी असतात, आणि जुना केस गळून नवीन यायला लागला की तिथल्या स्टेम सेल्समधून (नवीन पेशी बनवणाऱ्या मूळ पेशी) या रंगपेशी परत तयार व्हाव्या लागतात. वय वाढतं तसा हा साठा आटतो. कुणाचा लवकर, कुणाचा उशिरा, आणि यात सगळ्यात मोठा हात आनुवंशिकतेचा. प्रत्येक मूळ स्वतंत्र, त्यामुळे एक उपटला की दहा येतात हे खोटं आहे, पण सारखं उपटून मूळ दुखावतं ते मात्र खरं.

आणि टेन्शनचं काय? 2020 मध्ये हार्वर्डच्या लोकांनी उंदरांवर दाखवलं की ताणामुळे नसांमधून नॉरअॅड्रेनलिन हे रसायन सुटतं, त्याने सगळ्या स्टेम सेल्स एकदम कामाला लागतात आणि साठाच संपतो. 2021 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या टीमने माणसांचे केस असेच लांबीवर मोजले, 14 जणांचे, आणि काही केसांत पांढऱ्या भागानंतर मुळाकडून परत रंगीत भाग आलेला सापडला, एकाचे तर सुट्टीवर असताना पाच केस! म्हणून सगळं डोकं परत काळं होईल असं नाही, पण मला हे वाचून खूप बरं वाटलं होतं.

एवढ्या लहान वयात पिकायला लागले तर बी12 आणि थायरॉइड तपासून घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, तेल बदलत बसण्यापेक्षा ते आधी. सिगारेटचाही संबंध दिसलाय. आणि प्लीज, त्या पोरांना "एवढ्यात म्हातारी झालीस का गं" असं चारचौघात विचारू नका, हिला ते लग्नकार्यात तीनदा ऐकावं लागलं आणि तेव्हापासून ती भांग बदलून बसते.

तिचं रक्त काल दिलंय तपासायला. तो केस तिने वहीत चिकटवून ठेवलाय, शेजारी पेन्सिलने सेंटीमीटरच्या खुणा करून.