रात्रीचा टीसी : आमच्या लॅबची वाटचाल

शिरोली एमआयडीसीत आमची टेस्टिंग लॅब 2011 ला सुरू झाली, तेव्हा एक सेकंडहँड स्पेक्ट्रो (धातूत काय किती आहे ते सांगणारं मशीन), एक ग्राइंडर, आर्गॉनचे दोन सिलिंडर आणि आम्ही दोघं नवराबायको एवढंच होतं. छोट्या फौंड्रीवाल्यांना स्वतःचा स्पेक्ट्रो परवडत नाही, ते हीटचं, म्हणजे भट्टीतल्या एका वितळणीचं, चिल सॅम्पल आमच्याकडे पाठवतात, आम्ही ते घासून स्पार्क मारतो आणि कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, फॉस्फरस, सल्फर सगळं टीसीवर, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेटवर, छापून देतो. टीसी हातात नसेल तर कास्टिंगची गाडी भरून गेटवर उभी राहते, त्यामुळे रात्री बाराला पण फोन यायचे, "वहिनी, रिपोर्ट झाला काय?"

2016 ला माझ्या भाच्याने रिपोर्टसाठी पीएचपीत एक अ‍ॅप लिहून दिलं. ऑफिसच्या पीसीवर झॅम्प (पीसीलाच वेबसर्व्हर आणि डेटाबेस बनवणारं पॅकेज) टाकून ते चालायचं, लॅबमधल्या तीन कॉम्प्युटरवर उघडायचं आणि बाहेर कुठेच नाही. चार वर्षं मस्त चाललं.

मग 2020 चं लॉकडाऊन आलं. पार्टी, म्हणजे आमचे ग्राहक, येऊ शकेनात, आम्हाला पण घरून रिपोर्ट बघायचे होते, म्हणून भाच्याला फोन केला आणि त्याने राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करून दिलं, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून थेट आमच्या पीसीपर्यंत वाट उघडली, एका संध्याकाळचं काम. आठवड्याने तो लॉग, म्हणजे कुणी काय मागितलं त्याची नोंद, बघत बसला आणि म्हणाला, "मावशी, हे बघ." कुणीतरी वर्डप्रेसचं लॉगिन पान मागतंय, कुणी पीएचपीमायअ‍ॅडमिन म्हणजे डेटाबेस हाताळायचं पान, कुणी पासवर्ड ठेवतात ती ईएनव्ही फाइल, आणि हे सगळं अशा आयपीवरून ज्यांचा आमच्याशी काडीचा संबंध नाही. आमच्याकडे वर्डप्रेस नव्हतंच. पण झॅम्प टाकला तेव्हापासून डेटाबेसच्या रूट, म्हणजे सगळे हक्क असलेल्या, युजरला पासवर्डच नव्हता, आणि पीएचपीमायअ‍ॅडमिन बाहेरून उघडत नव्हतं ते फक्त झॅम्पच्याच एका डिफॉल्ट सेटिंगमुळे, आम्ही काही केलं म्हणून नाही. मला रात्रभर झोप आली नाही. सकाळी पोर्ट बंद केला आणि परत व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवायला लागलो.

पुढच्या वर्षी फायबर घेतलं तर पोर्ट फॉरवर्डिंगच चालेना, कारण राउटरला मिळालेला आयपी 100 ने सुरू होणारा, म्हणजे कंपनी एकच पब्लिक आयपी कितीतरी ग्राहकांत वाटते, बाहेरून आपल्यापर्यंत वाटच नाही. भाचा म्हणाला बरंच झालं, आणि त्याने क्लाउडफ्लेअर टनेल लावलं. यात आपल्या पीसीवरचा एक छोटा प्रोग्रॅम स्वतःहून बाहेर कनेक्शन जोडतो आणि पार्टीची रिक्वेस्ट त्याच कनेक्शनमधून आत येते, राउटरवर एकही पोर्ट उघडा ठेवावा लागत नाही, एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट पण क्लाउडफ्लेअरवालेच सांभाळतात. पण नुसतं टनेल म्हणजे रस्ता, कुलूप नाही, हे त्याने मला दोनदा सांगितलं. म्हणून पुढे अ‍ॅक्सेस लावला, ही त्यांचीच सेवा, आधी ईमेलवर ओटीपी, तो टाकला तरच आमचं लॉगिन पान दिसतं, 50 युजरपर्यंत फुकट आणि आमच्या पार्ट्या तेव्हा 38. आपला डेटा त्यांच्या सर्व्हरवर उलगडून मग पुढे येतो हे पण समजून घेतलं आणि विचार करूनच हो म्हटलं.

मला वाटलं झालं आता, सगळं पक्कं. आणि खरी चूक आतच बसलेली.

2022 च्या पावसाळ्यात एका जुन्या पार्टीचा फोन आला. "वहिनी, यूआरएलमध्ये शेवटी नंबर आहे ना, तो एकने वाढवला तर दुसऱ्याचा टीसी उघडतोय, बघा जरा." मी बघितलं. उघडत होता. लॉगिन बरोबर, ओटीपी बरोबर, पण हा रिपोर्ट ह्याच पार्टीचा आहे का हे अ‍ॅप विचारतच नव्हतं, कारण ते लिहिलं तेव्हा बघणारे फक्त आम्हीच होतो. फौंड्रीवाल्याची केमिस्ट्री म्हणजे त्याचा धंदा हो, एसजी आयर्नमध्ये (एक चिवट बीड) मॅग्नेशियम किती धरतो, तांबं किती टाकतो, हे शेजारच्या शेडमध्ये कळायला नको. आणि लॅबवर विश्वास ठेवूनच तो सॅम्पल देतो.

त्याच तासाला टनेल बंद केलं. भाच्याने दोन दिवस बसून डेटाबेसला विचारायच्या प्रत्येक क्वेरीत रिपोर्ट नंबरबरोबर पार्टीचा आयडी तपासायला लावला, आणि हा आयडी यूआरएलमधून नाही तर लॉगिन केलेल्या सेशनमधून घ्यायचा. नंबरच्या जागी लांबलचक रँडम अक्षरं पण टाकली, पण तो म्हणतो त्यावर विसंबायचं नाही, तपासणी सर्व्हरवरच पाहिजे. पार्टीसाठी वेगळा डेटाबेस युजर केला, त्याला फक्त वाचता येतं. एन्ट्री करायची पानं पार्टीला दिसतच नाहीत, ती परत लॅबच्या आतच. खरं तर पहिल्या दिवशी एवढंच विचारायला हवं होतं की बाहेरच्याला नक्की काय पाहिजे. त्याला फक्त त्याचा टीसी पाहिजे होता, आम्ही अख्खं अ‍ॅप देऊन बसलो.

मग लॉग काढले. फोन करणाऱ्याने तीन रिपोर्ट उघडले होते, त्याच्या आधी दुसऱ्या एकाने एक. ज्यांचे रिपोर्ट दिसले त्या दोन्ही फौंड्र्यांच्या मालकांना आम्ही स्वतः जाऊन भेटलो आणि जे झालं ते सांगितलं. हे म्हणाले होते फोनवर सांगू, मी म्हटलं नाही, समोर जायचं. एकाने चहा पाजला आणि म्हणाला बरं झालं सांगितलं. दुसऱ्याने ऐकून घेतलं, काही बोलला नाही.

आता महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी दोन टेस्ट अकाउंट उघडून एकातून दुसऱ्याचा रिपोर्ट मागून बघते, नाही मिळाला की वहीत सही करते. रात्रीचे फोन जवळपास थांबले, पार्ट्या दोन वाजता पण टीसी स्वतः उतरवून घेतात. त्या दुसऱ्या फौंड्रीचं सॅम्पल मात्र अजून आलेलं नाही.